आरओचे फिल्टर घरीच बदलले: लातूर, बोअरचं पाणी, कामाच्या नोंदी

३ मार्च

आरओची टाकी भरतच नाहीये. दोन-अडीच तास मशीन लावलं तरी जेमतेम अर्धी. आधी तेवढ्यात पूर्ण भरायची. पंपाचा आवाज पण बदललाय, ओढल्यासारखा घरघर करतो.

सर्व्हिसवाल्याला फोन केला, त्याने फोनवरच सांगून टाकलं, "सर पूर्ण किट बदलावं लागंल, मेम्ब्रेन पण गेलाय." मेम्ब्रेन म्हणजे क्षार अडवणारा पडदा, मशीनचा मुख्य भाग. म्हणलं बाबा तू बघितलं पण नाहीस अजून. तर म्हणे बोअरच्या पाण्यावर असंच होतं सर. खर्च साडेचार हजार सांगितला. एएमसी (वर्षाचा सर्व्हिस करार) संपलेली आहे आणि परत घ्यायची इच्छा नाही, म्हणून यावेळी स्वतः करायचं ठरवलं. पण आधी नक्की काय गेलंय ते मोजून बघणार आणि जे गेलंय तेवढंच बदलणार. हिला सांगितलं तर ती म्हणाली मोजा काय मोजायचं ते, पण प्यायचं पाणी बंद नको. तोपर्यंत जार लावलाय.

आमची सिस्टीम आधी लिहून ठेवतो म्हणजे पुढचं समजेल. नळाचं पाणी मांजरा धरणाचं, ते रोज येत नाही, आलं की हौदात. बोअरचं पाणी वरच्या टाकीत. कधीकधी हौदातलं पण मोटर लावून वर चढवतो, त्यामुळे टाकीत कधी निव्वळ बोअर असतं, कधी मिसळ. आरओला लाईन वरच्या टाकीचीच. मशीनचा क्रम असा: बाहेर भिंतीवर मोठा प्री-फिल्टर, म्हणजे १० इंची बाऊल आणि आत ५ मायक्रॉनचा स्पन (तंतूंचा गाळ-फिल्टर), मग मशीनमध्ये इनलाईन सेडिमेंट (बारीक गाळ अडवणारा), मग कार्बन (कोळशाचा फिल्टर), मग सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडबंद होणारा), पंप, मेम्ब्रेन, पुढे पोस्ट कार्बन (शेवटचा कोळसा फिल्टर) आणि यूव्ही (जंतू मारणारा दिवा). काही मशीनमध्ये पंप सेडिमेंटच्या आधी असतो, तेव्हा आपल्या मशीनचा पाईप बोटाने धरून एकदा माग काढून बघावा.

५ मार्च

टीडीएस मीटर आणला. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये. आज वरच्या टाकीत निव्वळ बोअर आहे. ज्या दिवशी मिसळ पाणी असतं त्या दिवशीचं रिडींग बोअरच्या रिडींगशी लावून बघण्यात काही अर्थ नाही, दरवेळी टाकीत कोणतं पाणी आहे ते सोबत लिहायलाच पाहिजे.

बोअर १०८०. हौदातलं नळाचं ३४०. आरओच्या नळाला ११८.

११८ बघून मला पण वाटलं मेम्ब्रेन उतरलाय. पण आमच्या मशीनला मागे एक छोटा स्क्रू आहे, टीडीएस ऍडजस्टर म्हणतात, त्यातून कच्चं पाणी थोडं थोडं शुद्ध पाण्यात मिसळतं. म्हणजे नळावरचं रिडींग हे मेम्ब्रेनचं रिडींग नाहीच. मेम्ब्रेनमधून निघणारा पाईप काढून ग्लासात पाणी धरलं, तिथं ७६. १०८० चं ७६ म्हणजे जवळपास ९३ टक्के क्षार अडवतोय. हा मेम्ब्रेन गेलेला नाही! साडेचार हजारातला सगळ्यात महाग आयटम इथेच कट झाला.

मग टाकी भरत का नाही? दुधाचं माप आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन बसलो. शुद्ध पाणी मिनिटाला ८५ मिली, वेस्टचं (मेम्ब्रेन जे क्षारांसकट बाहेर टाकतो ते) २६०. मेम्ब्रेनवर लिहिलंय ७५ जीपीडी (दिवसाला गॅलन), म्हणजे दिवसाला साधारण २८४ लिटर, मिनिटाला २०० मिलीच्या जवळ, पण ते कंपनीच्या टेस्टच्या प्रेशरला आणि कमी क्षाराच्या पाण्याला. बोअरच्या पाण्यात तेवढं कधीच मिळत नाही कारण पाण्यातल्या क्षारांचा स्वतःचा उलटा दाब असतो, ढोबळ हिशोब म्हणजे दर १०० टीडीएसला १ पीएसआय (दाब मोजायचं माप). आमच्या बोअरचे १०-११ पीएसआय तर नुसते त्यातच जातात. त्यामुळे १५० मिली मिळालं तरी चांगलं म्हणायचं.

मुद्दा वेस्टच्या आकड्यात आहे. वेस्टच्या लाईनला जो फ्लो रिस्ट्रिक्टर (धार आवळून धरणारा तुकडा) आहे त्यावर ४५० छापलंय, म्हणजे मिनिटाला ४५० मिली. मेम्ब्रेन चोक असता तर शुद्ध पाणी कमी आणि वेस्ट जोरात आलं असतं. इथे दोन्ही कमी आहेत. म्हणजे मशीनला मागूनच पाणी पुरत नाहीये.

६ मार्च

आज प्रत्येक जॉईंटला पाणी मोजलं. प्लग काढलेला, नुसतं वरच्या टाकीच्या उतारावर जेवढं येतं तेवढं. एकेक पाईप काढून मापात धरायचा, एक मिनिट.

कॉकमधून थेट १.४ लिटर. बाहेरच्या प्री-फिल्टरनंतर १.१. सेडिमेंटनंतर एकदम ०.३३. कार्बननंतर ०.३१.

सगळं सेडिमेंटमध्ये अडकलंय. मशीनला मिनिटाला ०.६ लिटर पाहिजे आणि पोचतंय ०.३१, पंप थोडं ओढून घेतो तो भाग वेगळा, पण म्हणूनच घरघर करतोय.

बाहेरचा स्पन एवढा मोकळा आणि आतलं सेडिमेंट गच्च, हे उलटं कसं झालं? बाऊल उघडून बघितलं तर स्पन अगदी हलका, दोन बोटांनी दाबला तर दबतो. ५ मायक्रॉन फक्त कागदावर. गाळ आरपार जाऊन आत बसला. मागच्या सर्व्हिसला हाच बसवून गेले होते.

कार्बनचं काय करायचं हा प्रश्न राहिला. कार्बन असा पाण्याच्या धारेवरून कळत नाही, पाणी मस्त वाहत असतं आणि आतला कोळसा कधीच संपलेला असतो. आणि मेम्ब्रेनचा खरा शत्रू क्लोरीन. घरच्या मशीनचे जवळपास सगळे मेम्ब्रेन पॉलिअमाईडचे, क्लोरीनने ती पातळ फिल्म खराब होते आणि ते नुकसान धुऊन निघत नाही. बोअरमध्ये क्लोरीन नसतं, पण नळाच्या पाण्यात असतं, शिवाय हौदात आपण टीसीएल (ब्लिचिंग) पावडर टाकतो, आणि तेच पाणी कधीकधी वर चढवतो.

याची टेस्ट एकदम सोपी आहे, ग्रामपंचायतीचे आणि आरोग्य खात्याचे लोक करतात ती, ओटी टेस्ट. बाटलीतले थेंब पाण्यात टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे. मामांकडं (शेजारचे, पाणीपुरवठ्यातून रिटायर) बाटली होती. हौदातलं पाणी वर चढवलं, मिसळ पाणी कार्बनच्या आधी धरलं, पिवळं. कार्बनच्या नंतर धरलं, फिकट पण पिवळंच. म्हणजे कार्बन गेला. ओटी टाकलेलं पाणी फेकून द्यायचं, प्यायचं नाही, ग्लास पण वेगळा ठेवायचा.

तर यादी झाली: बाहेरचा स्पन, सेडिमेंट, कार्बन. बास.

८ मार्च

गंजगोलाईत, आमच्या बाजारपेठेत, कामाला गेलो होतो, येताना स्पेअरच्या दुकानातून सामान घेतलं. स्पन दोन प्रकारचे दाखवले, ७० रुपयांचा आणि १४० चा. दोन्ही हातात घेतले की फरक कळतो, १४० चा जड आणि टणक, बोटाने दबत नाही. दुकानदार म्हणाला, "भैय्या सगळे सत्तरचाच नेतात." नेऊ द्या म्हणलं, मी १४० चाच घेतला. सेडिमेंट २२०, कार्बन २८०, सोबत टेफ्लॉन टेप, दोन-चार एल्बो, दोन मीटर पाईप. सगळे मिळून सातशे-आठशेच्या घरात. मेम्ब्रेन घ्या, ऑफर आहे असं त्याने पण म्हणून बघितलं. जुना चालू असताना नवा मेम्ब्रेन आणून ठेवण्यात तसाही अर्थ नाही.

कार्बन घेताना कानाशी हलवून बघितला. आत दाणे खळखळ वाजले की भरणी कमी आहे, पाणी मधल्या पोकळीतून पळतं. घट्ट भरलेला घ्यायचा.

९ मार्च, रविवार

काम केलं. सकाळी चहा झाल्यावर सुरू, जेवायच्या आत संपलं. क्रम लिहून ठेवतो, पुढच्या वेळी मलाच लागेल.

प्लग काढला. कॉक बंद. मशीनची टाकी रिकामी केली, नाहीतर उचलताना अर्धं पाणी अंगावर. कॉक बंद केल्यावर पण बाऊलमध्ये प्रेशर राहतं, वरचं लाल बटण दाबून ते सोडायचं, मग चावीने बाऊल फिरवायचा. बाऊलखाली बादली पाहिजेच.

जुना स्पन ब्लेडने उभा कापून बघितला. बाहेरून तपकिरी आणि आतपर्यंत तपकिरी. चांगल्या स्पनला बाहेरचा थर मळतो आणि गाभा पांढरा राहतो, कारण गाळ थराथरात अडकत जातो. बाऊल आतून बुळबुळीत झाला होता, तो भांड्याच्या साबणाने न घासता नुसत्या ब्रशने धुतला आणि थोडं टीसीएलचं पाणी फिरवून परत भरपूर धुतला. ओ-रिंग (सीलची रबरी रिंग) काढून पुसली, खाचेतली रेती काढली. रिंगला व्हॅसलिन लावतात लोक, लावू नये, काही रबरं त्याने फुगतात, सिलिकॉन ग्रीस असेल तर ते, नसेल तर नुसतं पाणी. बाऊल हातानेच घट्ट केला आणि चावीने अगदी थोडं. जोर लावून आवळला की पुढच्या वेळी उघडत नाही किंवा टोपीला तडा जातो.

इनलाईन फिल्टरवर बाण असतो, पाणी ज्या दिशेने जातं त्या दिशेला. काढायच्या आधी मोबाईलवर फोटो. पाईप काढताना ओढत बसायचं नाही, आधी निळी क्लिप काढायची, मग कडेची रिंग बोटाने आत दाबून धरायची आणि पाईप सरळ बाहेर, आपोआप निघतो. पाईपचं टोक खरवडलेलं असेल तर नव्या ब्लेडने सरळ काटकोनात कापून मगच लावायचं. आत टच होईपर्यंत ढकलायचा, मग एकदा बाहेर ओढून बघायचा. टेप फक्त आट्याला, पुश फिटिंगला टेप लागत नाही.

कार्बन बसवल्यावर त्याचं पुढचं टोक लगेच जोडलं नाही. बादलीत सोडलं. सुरुवातीला काळं पाणी येतं, कोळशाची भुकटी. ती मेम्ब्रेनमध्ये गेली तर आपण कशासाठी हे सगळं करतोय. पांढऱ्या वाडग्यात धरून स्वच्छ दिसेपर्यंत वाहू दिलं, चांगलं बादलीभर गेलं. आईने ते पाणी अंगणात शिंपडून टाकलं, वाया नाही जाऊ दिलं.

मग पुढचं जोडलं, प्लग लावला. पंपाचा आवाज लगेच बदलला.

रिडींग, निव्वळ बोअरवर: शुद्ध १४८ मिली, वेस्ट ४३०. मेम्ब्रेनच्या तोंडाशी टीडीएस ६२. आधी ७६ होता, मेम्ब्रेन तोच, फक्त त्याला आता पुरेसं पाणी आणि प्रेशर मिळतंय म्हणून रिझल्ट सुधारला. वेस्टचा टीडीएस १४३०.

१० मार्च

कार्बनच्या वरच्या एल्बोतून थेंब थेंब. जुनाच एल्बो ठेवला होता, त्याच्या रिंगला केसाएवढी चीर. नवीन लावला, बंद.

१४ मार्च

तो टीडीएस ऍडजस्टरचा स्क्रू पूर्ण बंद करून टाकला. यावर घरात चर्चा झाली. आईचं म्हणणं पाणी बेचव लागतंय, जारच्या पाण्यासारखं. मामा म्हणाले खनिजं पाहिजेत शरीराला. माझं म्हणणं एवढंच की तो स्क्रू खनिजं घालत नाही, तो बोअरचंच पाणी परत मिसळतो. मग त्यात जे काय असेल ते पण येतं. आपल्या भागातल्या बोअरला नायट्रेटचा प्रश्न असतो, खतांमुळे आणि शोषखड्ड्यांमुळे, आणि भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, त्याला सूट नाही. टीडीएसला आहे, ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरा सोर्स नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं मानक म्हणतं. टीडीएस मीटर नायट्रेट वेगळं दाखवत नाही. जंतू तर अजिबातच दाखवत नाही, ते फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून आकडा सांगतं. नाल्याचं पाणी पण २०० दाखवू शकतं.

डाळीवर मात्र आईचं मत बदललं. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ कितीही शिट्ट्या करा, दाणा दाणा राहतो. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या गराला आवळून धरतं. आरओच्या पाण्यात तीच डाळ लोण्यासारखी शिजली. लातूरमध्ये राहून डाळ शिजत नाही म्हणजे काय, एवढी मोठी तुरीची बाजारपेठ आपली! आता डाळीचं पाणी आरओचंच.

२२ मार्च

वेस्टच्या पाण्याचा विषय. १ लिटर शुद्ध मागे जवळपास ३ लिटर वेस्ट. २०१६ चा एप्रिल या गावात कोण विसरेल, मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, जलदूत. त्यानंतर ३ लिटर मोरीत सोडायचं म्हणजे जिवावर येतं. वेस्टची नळी एका वेगळ्या ड्रममध्ये सोडलीय. फरशी पुसणं, संडास, अंगण, गाडी. कुंड्यांना नाही, १४३० चं पाणी रोज घातलं की मातीवर पांढरं येतं.

मामांनी सुचवलं रिस्ट्रिक्टर ४५० चा काढून ३०० चा लाव, पाणी वाचेल. हिशोब करून बघितला. आत्ता एकूण ५७८ मिलीतलं १४८ शुद्ध, म्हणजे २५ टक्क्यांच्या आसपास, आणि वेस्टमध्ये क्षार सव्वा-दीडपटीच्या मध्ये. ३०० केला तर दीडपट. ऐकायला फरक कमी वाटतो पण आपलं पाणी आधीच जड, काळ्या बेसाल्टमधलं, कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेलं. क्षार जेवढे दाटतील तेवढा चुना मेम्ब्रेनवर बसणार. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये म्हणलं होतं की आरओने ६० टक्के पाणी शुद्ध करून दिलं पाहिजे, ते बरोबरच आहे, पण १०८० च्या पाण्यातून ६० टक्के काढायचं म्हणजे वेस्ट अडीचपट, २७०० च्या जवळ. त्यासाठी आधी सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) नाहीतर चुना बसणं रोखणारं काहीतरी लागेल. घरच्या मशीनला नुसता छोटा रिस्ट्रिक्टर लावून ते होत नाही. ४५० च राहू दे.

त्याच आदेशात दुसरी गोष्ट पण होती, टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओ नको. आपलं नळाचं ३४०! म्हणजे हौदातल्या पाण्याला आरओ लावणं म्हणजे चांगलं पाणी मोरीत घालणं. माळ्यावरून आईचा जुना स्टीलचा कँडल फिल्टर खाली काढला. कँडल नवीन आणल्या, दोन. हौदात टीसीएल व्यवस्थित, वर कँडल, आणि पावसाळ्यात उकळून. ज्या आठवड्यात नळाचं पाणी हातात आहे त्या आठवड्यात प्यायला तेच. आरओ फक्त बोअरच्या दिवसांसाठी. नळाचं पाणी वर चढवणं पण बंद केलं, त्याने कार्बन आणि मेम्ब्रेन दोन्ही वाचतील. मात्र आरओ आठवडाभर बंद ठेवला तर पहिली टाकी सोडून द्यायची, आत पाणी साचून राहिलेलं असतं.

१८ जून

मामांकडे एक सेल्समन आला होता, त्याचं प्रात्यक्षिक बघायला मुद्दाम गेलो. दोन ग्लास, एकात बोअरचं, एकात त्याच्या मशीनचं, आणि त्यात लोखंडी काड्या असलेलं ते यंत्र लावलं. बोअरचा ग्लास मिनिटात तपकिरी-हिरवा, चिखल झाला नुसता. मामी घाबरल्या. "बघा आज्जी हे तुम्ही पिताय."

ती घाण पाण्यातली नसतेच. लोखंडाची काडी विजेने झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. क्षार जास्त असले की वीज जास्त वाहते म्हणून गंज जास्त. आरओच्या पाण्यातून वीज जवळपास जात नाही म्हणून ते स्वच्छ राहतं. मी स्वयंपाकघरातून मीठ आणलं आणि त्याच्याच मशीनच्या पाण्यात चिमूटभर टाकून म्हणलं आता लावा. ते पण तपकिरी. त्याने सामान आवरलं. मामांना म्हणलं मशीन घ्यायचं तर घ्या, बोअरला लागतंच, पण ह्या खेळावर नको.

२७ जुलै

पाऊस चांगलाय. बोअरचा टीडीएस उतरून ८९० झालाय पण पाणी गढूळ. बाहेरचा स्पन काढून बघितला, वरून गडद, कापला तर गाभा पांढरा. १४० वसूल. तेवढाच बदलला. सेडिमेंटनंतर मोजलं तर १.२ लिटर, म्हणजे आतलं सेडिमेंट अजून नव्यासारखं आहे. किटवाल्यांच्या हिशोबाने हे तिन्ही आता बदलायला झाले असते. ओटी टेस्ट करायला टीसीएलचं पाणी मुद्दाम चढवलं नाही, त्यापेक्षा कार्बन वर्षाला बदललेला परवडतो.

१४ डिसेंबर

शुद्ध पाणी ११५ मिलीवर आलं. सवयीने आधी स्पन बघितला, ठीक. जॉईंटला पाणी मोजलं, ते पण ठीक. वेस्ट ४२५. टीडीएस उलट कमी झालाय, ५१.

थंडी आहे, बाकी काही नाही. पाणी गार झालं की दाट होतं आणि मेम्ब्रेनमधून हळू जातं, दर डिग्रीला साधारण ३ टक्के फरक. वरच्या टाकीतलं पाणी सकाळी हाताला बोचतंय. मार्चचं १४८ दुपारचं रिडींग होतं. आज दुपारी उन्हं तापल्यावर परत मोजलं तर १३२. याच दिवसांत सर्व्हिसवाले येऊन मेम्ब्रेन स्लो झाला सांगतात आणि आपण बदलतो.

८ मार्च

वर्ष झालं, कार्बन बदलला. सेडिमेंटनंतर ०.८ लिटर येतंय, अजून चाललं असतं, पण उघडलंच आहे तर ते पण टाकलं. निव्वळ बोअर १११०, मेम्ब्रेनच्या तोंडाशी ८४. म्हणजे ९२ टक्क्यांच्या वर. शुद्ध १३९, वेस्ट ४३०. ८५ टक्क्यांच्या खाली गेला की मेम्ब्रेन बघू, तोपर्यंत तोच.

मामांच्या मशीनचं पण आजच केलं. त्यांचा पंप सेडिमेंटच्या आधी आहे, त्यामुळे माझा फोटो उपयोगी पडला नाही, त्यांचा वेगळा काढून ठेवलाय. त्यांच्या मेम्ब्रेनचं रिडींग ३१०, बोअर ११५०. त्यांचा मात्र खरंच गेलाय. आधी ओ-रिंग बदलून बघितली, कारण रिंग सरकली तरी कच्चं पाणी शुद्धमध्ये घुसतं, पण आकडा हलला नाही. उद्या त्यांच्यासाठी मेम्ब्रेन आणायचा, आपल्याला टेफ्लॉन टेप आणि स्पन दोन, जडवाले.